वामन्या, तुझ्या करारात यार्डवाले नव्हते

काल तुझी तेरवी झाली, वामन्या. अख्खी गल्ली जेवून गेली. भाजीत मीठ जास्त झालं होतं, पण कोणी चकार शब्द काढला नाही. तू असता तर पहिल्या घासाले बोंबलला असता.

जेवता जेवता लोक तुझ्याबद्दल बोलून राहिले होते. भला माणूस. देवमाणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी वाढून राहिलो होतो आणि माझं टाळकं सरकून राहिलं होतं. देवमाणूस म्हणे! देवमाणसाच्या डोक्यात अशी काठी बसते का बे? आणि अध्यात ना मध्यात काय? तू अगदी मधातच होता. मधात होता म्हणूनच तर मेला.

मी तुझ्यावर चिडलो आहे, हे आधी ऐकून घे. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. मी धरणार. तू वाद अर्धा टाकून गेला. आता माझी पाळी, आणि तुले मधात बोलता येणार नाही.

पेपरवाल्यानं दोन ओळी छापल्या. उरला औद्योगिक वस्तीतल्या लोखंडाच्या मिलच्या गेटवर हाणामारी, एका कामगाराचा मृत्यू. एका कामगाराचा! गाडीखाली बकरी आली तर यापेक्षा जास्त लिहितात. तो एक कामगार म्हणजे तू. भर दिवसा, काठीवाल्या लोकांकडे पाठ करून आणि आमच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभा. आम्ही लोखंड धरायचे लांब चिमटे घेऊन आत घुसून राहिलो होतो आणि तू आम्हाले अडवून राहिला होता. मागून काठी आली. मारणारा लखन. आपल्याच मिलच्या कोळसा यार्डातला लखन. हे कसं झालं ते तुलेच सांगून राहिलो, कारण तू जे पाहिलं नाही ते मी पाहिलं. माझं तोंड त्या बाजूले होतं.

किती वर्षं आपण रोलच्या दोन बाजूंले उभे राहिलो, वामन्या. भट्टीतून लाल झालेलं लोखंड रोलमधून माझ्याकडे यायचं, मी चिमट्यानं त्याचं तोंड धरायचो आणि पुढच्या खाचेत घालून तुझ्याकडे पाठवायचो. तू पकडून पुन्हा माझ्याकडे. प्रत्येक फेरीले ते लांब व्हायचं, बारीक व्हायचं, आणि जास्त चिडायचं. मधात एवढी मशीन, तुझं तोंड मले दिसायचं नाही. पण सळी कशी आली त्यावरून मी ओळखायचो की तू आज घरून भांडून आला का जेवून आला. अर्धा तास झाला की दुसरी जोडी यायची आणि आपण मॅनकूलरसमोरच्या बाकावर जाऊन पडायचो. त्या मोठ्या पंख्याच्या हवेत घाम वाळायचा आणि बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. मंग मराठीत भांडायचं, म्हणजे बाकीच्यायले समजू नये. सगळ्यायले समजायचं. बिहारी, ओडिया, छत्तीसगढी, सगळे हसायचे आणि विचारायचे, "आज किस बात पे, भैया?"

तो बाक फक्त चिमटेवाल्यांचा. असा काही नियम लिहिलेला नव्हता. पण यार्डातला एखादा काळाकुट्ट गडी येऊन तिथे टेकला, तर त्याले कोणी शिवी द्यायचं नाही, हात लावायचं नाही. फक्त एकेक जण उठून पाणी प्यायले निघून जायचा. तो बिचारा एकटा बसून राहायचा, मंग त्याले समजायचं आणि तो पण उठायचा. आपण आगीसमोर उभे राहणारे, ते कोळसा उपसणारे. आपण कंपनीचे, ते ठेकेदाराचे. तू कधी उठून गेला नाही, हे मी मानतो. पण "ये बे, बस" असंही तू कोणाले म्हटलं नाही. लखन दुपारी यार्डाच्या भिंतीच्या सावलीत बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खायचा, कांदा आणि हिरवी मिरची घेऊन. तिथून हात करायचा. तू पण हात करायचा. झालं तेवढंच.

आता कोणी म्हणेल की जुनी मिल म्हणजे काय सोन्याचे दिवस होते. मसणात गेले ते दिवस. आपल्या रोलवरच्या फिरोजचं आठवते ना तुले? सळी रोलमधून सरळ निघालीच नाही. उसळली, हवेत वेटोळं झालं, आणि पोट्ट्याच्या मांडीतून आरपार. किंचाळी नंतर आली, वास आधी आला. तू त्याचं डोकं मांडीवर धरून गॅस कटरवाल्याले ओरडून राहिला होता, इकून काप, आता तिकून काप. मी त्याचे हात धरून बसलो होतो. लोखंड त्याच्या मांसात थंड होऊन राहिलं होतं. अजूनही घरी मटण शिजलं की मी गल्लीत जाऊन उभा राहतो.

आणि तेवढ्यात तो सुपरवायझर आला. फिरोजकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. "रोल कब चालू होगा?"

तू त्याचा गळा धरला. भिंतीले लावला. त्याचे पाय जमिनीवरून उचलले होते बे! त्याचे डोळे बाहेर येऊन राहिले होते आणि तू एक शब्द बोलून नाही राहिला. मी तुले मागून मिठी मारून ओढलं नसतं तर त्या दिवशी तू खुनी झाला असता. नंतर बाकावर येऊन बसला. मले म्हणाला, "गज्या, मले आवडून राहिलं होतं. त्याचा गळा दाबायले मले आवडून राहिलं होतं." तेव्हापासून तू कोणावर हात उचलला नाही. घरच्या पोट्टीवरही नाही. लोक समजले वामनराव शांत स्वभावाचा. मले माहीत होतं, तू स्वतःले भिऊन राहिला होता. आणि तेव्हाच आपलं ठरलं, की ज्याचं टाळकं सरकलं त्याले दुसऱ्यानं धरायचं. बहुतेक वेळा माझंच सरकायचं आणि तूच धरायचा.

मंग ती बातमी आली. परदेशच्या गिऱ्हाइकाले आता कोळशाच्या धुरातलं लोखंड नको होतं. कोळशाची भट्टी बंद, विजेची भट्टी येणार. मागच्या मैदानावर सोलरच्या पाट्या लागणार. रोल आपोआप चालणार, चिमट्याचं काम नाही. मोठ्या साहेबानं गेटवर एक झाड लावलं आणि त्याच्यापुढे बोर्ड लावला, पर्यावरण आमची जबाबदारी. झाड वाळून गेलं. बोर्ड आहे अजून.

सगळ्या मिलमध्ये तू एकटा खूश झाला होता. जिलेबी घेऊन आला, येड्या!

"गज्या, कोळसा जाऊन राहिला बे!"

"कोळसा जाऊन राहिला म्हणजे आपण जाऊन राहिलो, भैताडा. त्याची जिलेबी वाटून राहिला तू?"

"हे पाहा." तू खोकलला आणि रुमाल दाखवला. काळं पडलं होतं त्यात. "हे मले माझ्या पोट्टीले द्यायचं नाही. उरल्यात वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळे होतात. ही भट्टी मरू दे. मी तिले खांदा देतो. पण तिच्यासंगं आपल्याले जाळू देणार नाही. नवीन मशीन आली तर ती आपण शिकू. आपल्याले शिकवल्याशिवाय जुनी बंद नाही करायची. एवढंच तर मागून राहिलो."

मी म्हटलं, मागून मिळते का काही? मशीन गेटातून आत येण्याआधी फोडा, मंग बोलायले बसतील. तू म्हणाला, तुले फोडण्याशिवाय काही सुचते का? मी म्हटलं, नाही सुचत. ते खरंच होतं. मले अजूनही नाही सुचत.

पण एक गोष्ट मले सुचली होती, वामन्या, आणि त्याच्यावरच आपण सगळ्यात जास्त भांडलो. मी म्हटलं, यार्डवाल्यायले युनियनमध्ये घे.

"ते ठेकेदाराचे," तू म्हणाला. "त्यायचं नाव घेतलं की मालक टेबलावरून उठून जाईल."

"जाऊ दे ना. मंग सगळे मिळून गेट बंद करू. यार्डात हात किती आहेत ते पाह्यलं का?"

"तुले ते हात मारामारीले पायजे."

"हो, पायजे! कशालेही असो, सोबत तर घे."

"आधी आपले पाय आत राहू दे, गज्या. मंग आतून त्यायले ओढू. सगळे एकदम दारातून घुसायले गेलो तर कोणीच आत जात नाही."

हे तू त्याच बाकावर बसून बोलला. तुझं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं, हाच तर वांधा होता. तुझं म्हणणं कधीच चुकीचं वाटायचं नाही. सगळ्यांनी माना डोलवल्या. मी शिव्या दिल्या आणि पाणी प्यायले गेलो.

आणि तू करार करून आणला. मी तोंडानं तुले कधी म्हटलं नाही, आज म्हणतो, तुझी कमाल होती. त्या एसीच्या खोलीत तू खोकलत बसला आणि एकेक गोष्ट वदवून घेतली. चिमटेवाल्यायले नवीन लाइनवर ट्रेनिंग. भट्टी बंद ते नवीन चालू, मधातला पगार. छातीची तपासणी आणि दवापाणी. आम्ही तुले खांद्यावर घेऊन गेटपर्यंत नाचलो. मी सगळ्यात पुढे नाचलो. गुलाल तुझ्या नाकातोंडात गेला आणि तू खोकलून खोकलून लाल झाला.

यार्डवाले भिंतीपाशी उभे राहून पाहून राहिले होते.

कोळशाचा शेवटचा ट्रक रिकामा झाला त्याच संध्याकाळी ठेकेदारानं त्यायचे गेटपास काढून घेतले. कोणाले काही सांगायचं नाही, बोलायचं नाही. कल से मत आना. त्यानंतरच्या रविवारी लखन गुढियारीले तुझ्या घरी आला. मी तिथेच होतो. तू अंगणात सायकल उलटी करून चेन लावून राहिला होता. तो आत आला नाही, फाटकापाशीच उभा राहिला.

"भैया, हमन ला निकाल दीन," तो म्हणाला. "तैं तो नेता हस. हमर बर घलो कुछु कर न."

"करतो ना, लखन, तुमच्यासाठी पण करतो. थोडा रुक जा. अभी हमारा पक्का होने दे, फिर तुम लोगों का उठाता हूँ."

"कतेक दिन रुकबो, भैया?"

तू चेनकडे पाहिलं. त्याच्याकडे नाही पाहिलं. "थोडा रुक जा," पुन्हा तेच. तो "हव", म्हणजे बरं, म्हणून गेला. तुझे हात ग्रीसनं भरले होते आणि तू ते पुसून पुसून राहिला होता. मले वाटलं आता हा बोलेल. तू म्हणाला, "चेन पण ढिली झाली साली."

त्या दिवशी तू बोलला असता तर, वामन्या? एवढंच बोलला असता, की गज्या, माझी झोप उडाली आहे. वहिनी मले आत्ता सांगते की तू त्या रविवारपासून जेवत नव्हता. मले का नाही सांगितलं? मी काय परका होतो?

मंग नवीन लाइन उभी राहिली आणि आपल्याले ट्रेनिंगले बसवलं. काचेच्या खोलीत, बटणं आणि पडदे. तू कसा मन लावून शिकून राहिला होता, शाळेतल्या पोट्ट्यासारखा, जीभ बाहेर काढून. आणि एक दिवस साहेबानं सांगितलं की ट्रेनिंगमध्ये सगळे फेल. एकजात सगळे! बाहेरून शिकलेले लोक बसमध्ये बसून आले आणि काचेच्या खोलीत गेले. करार कुठे गेला? करारात लिहिलं होतं ट्रेनिंग देऊ. दिलं ना ट्रेनिंग. पास करू असं कुठे लिहिलं होतं?

तुझं तोंड मले त्या दिवशी पाहावलं नाही.

गेटवर बसलो. तू म्हणाला बसायचं, उठायचं नाही, बोलायचं नाही कोणाले वाईटवाकडं. आम्ही बसलो. मंग त्या सकाळी ठेकेदाराची जीप आली. मागचा पडदा वर केला आणि त्याचा मुंशी उभा राहून काठ्या वाटून राहिला होता. नवीन काठ्या, एका मापाच्या, टोकाले लोखंडी कडं घातलेल्या. घेणाऱ्यायच्या अंगात काळे शर्ट, घड्या न मोडलेले. मी तोंडं पाहिली. ते यार्डवाले होते. ज्यानं त्यायचे गेटपास घेतले त्यानंच त्यायच्या हातात काठ्या दिल्या. आणि आपण चिमटे आणले होते घरून. हो, मीच सांगितलं होतं आणायले. तू विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नाही.

मुंशी ओरडला, "मारो सालों को, हटाओ!" हे मी माझ्या कानानं ऐकलं. कोणी पहिला धक्का दिला ते मले माहीत नाही. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी "फोडा!" ओरडलो आणि सगळे उठले. आणि तू मधात आला. हात पसरून.

"गज्या, चिमटा खाली ठेव. ते आपले लोक आहेत बे. गज्या, माझ्याकडे पाह्य!"

मी तुझ्याकडे नाही पाहिलं. तुझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. काठी वर गेलेली पाहिली. मी ओरडलो, "वामन्या, हट!" मिलमध्ये सळी उसळली की ओरडतो तसा, पोटातून. त्या आवाजावर तू आयुष्यभर उडी मारली. कित्येकदा त्याच आवाजानं तुझे पाय वाचले. आणि त्या दिवशी तू हलला नाही.

तू ऐकलं नाही का? की ऐकलं आणि हलला नाही, कारण तू हटला असता तर माझा चिमटा सरळ लखनच्या छातीत गेला असता? मले हे एकच विचारायचं आहे तुले. बाकी सगळं मी समजून घेईन. हे कोणाले विचारू?

नारळ फुटल्यासारखा आवाज आला. तू माझ्या अंगावर पडला. तुझं रक्त माझ्या तोंडात गेलं. मी तुले खाली ठेवलं आणि लखनले धरलं.

आता तुले आवडणार नाही ते ऐक. मी त्याले मारलं. चिमट्यानं. पहिला घाव हातावर, काठी पडली. दुसरा गळ्याच्या हाडावर, ते मोडल्याचं मले हाताले समजलं. तो खाली बसला आणि तुझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा त्याले तुझं तोंड दिसलं. तोपर्यंत त्यानं फक्त पाठ पाहिली होती.

"वामन भैया ए?" तो म्हणाला. "मोला नइ पता रिहिस... वामन भैया ए?"

त्याले माहीत नव्हतं म्हणे. ते ऐकूनही मी मारलं. तो हात वर करून नाही राहिला आणि मी मारून राहिलो. मले धरायले कोणी नव्हतं. तूच धरायचा ना बे! तू खाली पडला होता. रक्तानं हात निसटले, चिमटा सुटून गेला, म्हणून लखन जिवंत आहे, पोलिसांच्या ताब्यात. माझ्या भलेपणानं नाही.

सरकारी दवाखान्यात तुझे डोळे उघडे होते, पण तू कोणालेच पाहत नव्हता. तुझी पोट्टी माझी बाही धरून विचारून राहिली होती, "काका, पापा मुझे देख क्यों नहीं रहे?" जन्मभर ती मले मराठीत उत्तर देत नाही म्हणून मी तिले चिडवत आलो. त्या दिवशी मलेच कोणत्याही भाषेत उत्तर आलं नाही. मंग डॉक्टरनं चादर ओढली.

घाटावरून आलो आणि चार दिवसांत साहेबाचा माणूस आला. गाडी गल्लीत मावत नव्हती, पायी आला बिचारा. मालक म्हणे फार दुःखी आहेत. सगळ्या चिमटेवाल्यायले आत घेऊ, लिहून देऊ, या वेळी पक्कं. माझ्यावरची मारपिटीची केसही पाहून घेऊ. फक्त सगळ्यांनी एक सांगायचं, की लखन आणि वामन यांचं जुनं वैर होतं. काठ्या कोणी वाटल्या नाहीत. हुकूम कोणी दिला नाही. दोघं आपसात भांडले.

समजलं, वामन्या? तू जे मागत होता ते सगळं ताटात वाढून आणलं होतं. फक्त तुझं मरण त्यायले पायजे होतं.

काल जेवणं उरकल्यावर आपले सगळे तुझ्या अंगणात बसले. उष्टी ताटं नळाखाली पडली होती. एकेक जण बोलला. मेलेला काही वापस येत नाही. पोरंबाळं आहेत. वामननंच तर यासाठी जीव दिला. लखन तसाही जेलात जाणार, काय फरक पडते. खरं सांगतो, मले पण वाटून गेलं एकदा. केस सुटते, काम मिळते, आणि लखनले फाशी झाली तर मी पेढे वाटीन.

मंग वहिनी बाहेर आली. कपाळ मोकळं, पदर खोचलेला. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"गजूभाऊ, काठ्या कोणं दिल्या?"

मी म्हटलं, "वहिनी, मुंशीनं. जीपमधून."

"तुम्ही पाह्यलं?"

"पाह्यलं."

"यायनं?"

सगळे खाली पाहायले लागले.

"लखनले मी मरेपर्यंत माफ करणार नाही," ती म्हणाली. "त्याच्या हाताले किडे पडोत. पण माझ्या नवऱ्याचं कोणाशी वैर नव्हतं. तुम्ही तसं सांगणार असाल, तर आत्ता जे जेवले ना माझ्या घरी, ते इथंच ओकून टाका. या अंगणात. आणि मंग जा कामाले."

दोघं-तिघं उठून चपला शोधायले लागले. मंग आणखी काही. जे गेले त्यायले मी शिव्या नाही दिल्या. घरी चूल प्रत्येकाचीच आहे. निम्म्याच्या वर बसून राहिले.

आज सकाळी मी उरल्याले लखनच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गेलो. का गेलो, मले धड सांगता येत नाही. त्याची बायको, दुलारी, भाजी कापून राहिली होती. मले पाहिलं आणि हातातला हंसिया, आपला विळा, तसाच घेऊन उभी राहिली.

"काबर आए हस? घर म अउ कोनो मरद नइये, काला मारबे?"

आता घरात कोणाले मारायले आला, असं विचारून राहिली होती. मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो. म्हटलं, मारायचं असेल तर मार, पण आधी ऐक. मी ठाण्यात जाऊन राहिलो. काठ्या कोणं वाटल्या आणि हुकूम कोणं दिला ते सांगणार. वामनले लखननं मारलं ते पण सांगणार, ते मी लपवणार नाही.

"फाँसी होही का ओला?"

"माहीत नाही."

"अउ तोर का होही?"

"मी त्याले मारलं ते पण लिहून देणार. माझं जे व्हायचं ते होईल."

मंग तिनं हंसिया भिंतीत खोचला, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल. मोर घरवाला ला काठी घर म नइ मिलिस. वो दिन जीप काकर रिहिस, महूं देखे हंव." काठ्यांची ती जीप कोणाची होती ते तिनं पण पाहिलं होतं. यार्डवाल्यांच्या आणखी चार घरच्या बाया तिच्या मागे निघाल्या.

ठाणेदारानं तीनदा विचारलं, "तुम खुद मारपीट कबूल कर रहे हो, समझ रहे हो न?" मी म्हटलं, मराठी माणूस आहे, हिंदी समजते. लिहा. त्यानं लिहिलं. सध्या घरी जा म्हणाला, बोलावलं की यायचं. बोलावतीलच. आत टाकतील. टाकू दे.

आता संध्याकाळ झाली आहे आणि मी तुझ्या अंगणात बसून आहे. उरलेले चिमटेवाले आहेत, त्या बायांनी बोलावून आणलेले यार्डवाले आहेत. उद्या सकाळी गेटवर जायचं आहे, नवीन मागणी घेऊन. आज कोणाच्या हातात काही नाही, मी स्वतः तपासलं. उद्या मार पडेल, ते सगळ्यायले माहीत आहे.

दुलारी फाटकातून आत आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. वहिनी ओट्यावर होती. दोघी एकमेकींकडे पाहून राहिल्या. इतक्या जळत्या नजरेनं कोणी कोणाकडे पाहिलेलं मी नाही पाहिलं, वामन्या, आणि मी भट्टीसमोर जन्म काढला.

"मी तुले पाणी देणार नाही," वहिनी म्हणाली.

दुलारीले मराठी येत नाही. पण ते तिले समजलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"बस," वहिनी म्हणाली. मंग माझ्याकडे वळली. "गजूभाऊ, मागणी लिहा. आधी यार्डवाल्यायचं लिहा. मंग तुमचं."

मी लिहिलं. कामावर घ्यायच्या यादीत पहिलं नाव लखनचं आलं, कारण दुलारी बोलू लागली ती त्याच्यापासूनच, आणि वहिनीनं डोळे मिटले, पण खोड म्हटलं नाही.

तू असता तर तिले पाणी दिलं असतं, वामन्या. चहा दिला असता, खुर्ची दिली असती, आणि यार्डवाल्यायची नावं सध्या राहू दे, मंग पाहू म्हटलं असतं.

वाद मी जिंकलो बे. ये ना, भांड ना माझ्याशी.